आई दाढेनं गेली

आमच्या माहेरी आजही कुणाला विचारलंत तर हेच सांगतील, की सुमनची आई दाढेनं गेली. मी स्वतः सासूला, क्वार्टरमधल्या शेजारणींना, पुढे माझ्या मुलीला हेच सांगत आले. कुणी हार्टनं जातं, कुणी शुगरनं जातं, तशी आमची आई दाढेनं गेली. ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटायचं नाही आणि मला तर नाहीच नाही, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आधी दाढ दुखायला लागली, मग गाल सुजला, मग ती तोंडावर पदर धरून बोलायला लागली, आणि मग बोलायचीच बंद झाली.

तेव्हा माझी शाळा नुकतीच सुटली होती. शेवटचं वर्षभर मी आईचा चेहरा नाकाच्या खाली पाहिलेला नाही. पदर जरा सरकला की ती झटकन वर घ्यायची. पाणी पितानाही भिंतीकडे तोंड करायची. पदराच्या आतून एक वास यायचा, आणि त्या वासावर मशेरीचा वास. हे दोन वास माझ्या नाकात जे बसले ते बसलेच.

गावाला आणखी एक गोष्ट पक्की ठाऊक होती. आईची ती दाढ हलायला लागली तेव्हा तालुक्याला नेऊन काढून घेतली, आणि काढल्यापासूनच सगळं बिघडलं. जखम भरलीच नाही. म्हणजे तिला मारलं ते दाढेनं, आणि दाढेला हात लावणाऱ्या डॉक्टरनं. लग्न होऊन फौजी नवऱ्याबरोबर दिल्लीला आले तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर हेही घेऊन आले.

त्यामुळे दातांच्या डॉक्टरची पायरी मी कधी चढले नाही. फौजी दवाखान्यात सगळं फुकट होतं. मुलीला नेलं, यांना पिटाळलं, स्वतः गेले नाही. दुखणं अंगावर काढायची आम्हा बायकांची सवय जुनीच, पण माझं तसं नव्हतं. मी भीत होते. सरळ सांगते, मी भीत होते.

आता लिहायचं कारण माझी मुलगी, पल्लवी. ती म्हणते, "आई, तू लिही. दाढ दुखतेय आणि घरात बसल्यात अशा तुझ्यासारख्या अजून असतीलच ना." असतील. त्यातल्या एकीचं तर नाव मला ठाऊक आहे, आणि ती आत्ता दुपारची आतल्या खोलीत पडली आहे. तिच्याकडे शेवटी येते.

मशेरी

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, फडक्यातून गाळायची आणि ती पूड बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना घासायची. ती मशेरी. आमच्याकडे बायका सकाळी उठल्या की चुलीपुढे बसून मशेरी लावायच्या. मग दुपारी लावायच्या, मग दिवेलागणीला, मग उगाचच. मला पहिल्यांदा आईनंच बोटावर दिली. डोकं गरगरलं, मी उलटी केली, आई खो खो हसली. थोड्याच दिवसांत मी तिच्या शेजारी बसून लावायला लागले. आईशी माझ्या ज्या काही गप्पा झाल्या त्या तेव्हाच्याच, दोघींची बोटं तोंडात असताना.

दिल्लीत भाजायची पंचाईत होती. कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये एकदा तवा ठेवला तर शेजारची पंजाबी भाभी धावत आली, "भाभीजी, कुछ जल रहा है!" तिच्या डोळ्यांतून पाणी, माझ्या डोळ्यांतून पाणी. तेव्हापासून माझी थोरली बहीण अक्का गावाकडे भाजायची आणि सुट्टीवरून परत येणाऱ्या कुणा जवानाच्या ट्रंकेतून कॉफीच्या रिकाम्या बरणीत पाठवायची. कुळथाचं पीठ, मेतकूट आणि मशेरी. हे रिटायर झाले, आम्ही द्वारकेला सोसायटीत फ्लॅट घेतला, तरी बरणी येतच राहिली.

बरणीचं झाकण उघडलं की पहिल्या वासाबरोबर आई घरात यायची. पदरासकट. मला तिची भीती वाटायची आणि तिच्यासाठीच मी ती बरणी हुंगायचे. हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

दाढ गप्प झाली

माझी उजवीकडची खालची दाढ. आधी गार पाण्यानं कळ यायची, मग गरम चहानं, मग कशानंही. पल्लवी म्हणाली, "आई, डेंटिस्टला दाखव ना यार." मी म्हटलं, बघू. ती ऑफिसला जायला नोएडाच्या मेट्रोत बसली की मी मशेरीची डबी काढायचे. दुखऱ्या जागेवर मशेरी दाबून धरली की तेवढा भाग बधिर व्हायचा. आईही असंच करायची. वेगळं काही करावं असं मला सुचलंही नाही.

एक दिवस दुखायचं आपोआप थांबलं. मी देवापुढे साखर ठेवली. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की दाढेच्या आतली नस मेली होती, म्हणून दुखत नव्हतं. तुमची दाढ दुखून दुखून अशी एकदम गप्प झाली असेल तर साखर ठेवू नका, दवाखान्यात जा. आत पू धरलेला असतो.

मग गाल सुजला. सकाळी बेसिनवरच्या आरशात बघितलं आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला. अंगात गाऊन होता, पदर नव्हताच. हात नुसता खांद्यावर चाचपत राहिला. दारात पल्लवी टूथब्रश घेऊन उभी होती. तिनं ते पाहिलं आणि त्या दिवशी ऑफिसला गेली नाही.

खुर्ची

सेक्टरच्या मार्केटमध्ये, मिठाईच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर दवाखाना. डॉक्टर मॅडम पल्लवीच्याच वयाच्या, बुटक्याशा, पायात पळायचे बूट. मला वाटलं होतं पक्कड घेऊन कुणी दांडगा माणूस येईल. खुर्ची मागे कलली, डोक्यावर दिवा लागला आणि मी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले.

"आंटी, तंबाकू लेती हैं? गुटखा, सुपारी, कुछ भी?"

"राम राम! बिल्कुल नहीं."

मी खोटं बोलले नाही. तंबाखू खाणारे म्हणजे आमचे चुलते. तळहातावर चुना मळायचा, चिमूट ओठात धरायची, पिचकारी भिंतीवर मारायची. बाईनं तसलं केलं असतं तर घरात घेतलं नसतं. मशेरी म्हणजे दात घासायची वस्तू, आणि ती काही गिळत नाहीत, थुंकतात.

"दाँत किससे साफ करती हैं?"

"मंजन से. दिन में कितनी ही बार."

"बहुत अच्छा," मॅडम म्हणाल्या, आणि मला शाळेत शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

दाढेचा एक्स-रे काढला. मुळाशी काळी सावली होती, तो पू. "रूट कॅनाल करेंगे," असं त्या म्हणाल्या आणि मी मराठीतच ओरडले, "काढायची नाही हं! दाढ काढायची नाही!"

"आई, काढत नाहीयेत," पल्लवी म्हणाली. "उलट वाचवतायत. चिल."

मला वाटायचं, दातांचे डॉक्टर एकच काम करतात, उपटणं. तसं नसतं. कीड वरवर असेल तर खरवडून सिमेंट भरतात. कीड नसेपर्यंत पोचली असेल तर रूट कॅनाल, म्हणजे दाताच्या आतली सडलेली नस काढून, पोकळी धुऊन, ती बंद करायची. दात जागेवरच राहतो. असा दात पुढे ठिसूळ होतो म्हणून त्याच्यावर टोपी बसवतात, तिला कॅप म्हणतात. दात काढतात तो अगदी वाचवण्यासारखा उरला नसला तरच, आणि काढला तरी रिकाम्या जागेत दुसरा बसवता येतो. हे सगळं मॅडमनी मला प्लॅस्टिकच्या जबड्यावर दाखवलं. नको नको म्हणत मीही ते हातात घेऊन बघितलं.

सुई टोचली तेवढीच काय ती कळ. मग गाल, ओठ, अर्धी जीभ दुसऱ्या कुणाचीतरी झाली. मॅडमनी एक करार केला: त्रास झाला की मी डावा हात वर करायचा, त्या तिथल्या तिथे थांबणार. खरंच थांबायच्या. मशीन फिरायला लागलं तेव्हा दाताचा जळका वास आला. तव्यावरचा तोच वास. मी हात वर केला. "दर्द?" त्यांनी विचारलं. दुखत नव्हतं. दिव्याच्या मागे पदर धरून कोण उभं आहे ते त्यांना हिंदीत कसं सांगणार? मी नुसती मान हलवली. त्या थांबल्या, पाणी दिलं, माझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि मी पुन्हा तोंड उघडलं.

परतताना कॅबमध्ये बसले. ड्रायव्हरच्या पुढच्या आरशात मागच्या सीटवरची एक बाई दिसली. अर्धा चेहरा ओघळलेला, ओठाच्या कडेतून लाळ, तोंडावर ओढणी दाबलेली. रुंद रस्ता, भर दुपार, एफएमवर गाणी चाललेली. मी आरशातून नजर काढली ती घर येईपर्यंत वर केली नाही. घरी आल्यावर हे म्हणाले, "एवढी काय घाबरलीस? दाढच तर आहे." मी त्यांच्याशी रात्रीपर्यंत बोलले नाही.

मंजन

रूट कॅनालच्या दोन-तीन फेऱ्या निभावल्या. टोपी बसली. मी शेंगदाण्याचा लाडू खाऊन दाखवला. मॅडम म्हणाल्या, आता एकदा सगळ्या दातांची सफाई करू. सफाईनं दात हलतात असं बायका सांगतात, मीही सांगायचे. ते खरं नाही. दातांवर जो दगडासारखा थर चढतो तो हिरडीला खाली ढकलत असतो; तो काढला की आधीच सैल झालेले दात सैल आहेत हे कळतं एवढंच.

सफाई करता करता मॅडमनी उजवा गाल बोटानं बाहेर ओढला आणि छोटा आरसा आत घातला. मशीन बंद झालं. आरसा हलेना. आपल्या तोंडात हात घातलेला माणूस गप्प झाला की कसं वाटतं ते खुर्चीत बसलेल्यालाच कळतं.

"आंटी, ये कब से है?"

त्यांनी हातात मोठा आरसा दिला. गालाच्या आत, हिरडीच्या खोबणीशी, भिंतीचा पोपडा निघावा तसा पांढरा चट्टा होता. दुखत नव्हता, खुपत नव्हता. मला तो असल्याचंही ठाऊक नव्हतं. मॅडमनी पुन्हा तंबाखूचं विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं, जरा रागानंच. त्यांनी माझ्याबरोबर आलेल्या यांच्याकडे बघितलं. यांनीही मान हलवली. "हमारे घर की औरतें हाथ नहीं लगातीं, डॉक्टर साब."

मॅडम विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "वो मंजन कौन सा है? कल लेती आइए."

दुसऱ्या दिवशी यांना आणि पल्लवीला घेऊन मी मोठ्या हौसेनं डबी नेली. वाटलं, दिल्लीच्या लोकांना काय ठाऊक असली वस्तू. मॅडमनी झाकण उघडलं, वास घेतला आणि डबी ट्रेमध्ये ठेवून दिली.

"आंटी, ये तो तंबाकू है."

"अरे, पण ती तर दात घासायची असते," हे मराठीत म्हणाले. सुभेदार माणूस, आयुष्यभर जवानांना तंबाखू सोडा म्हणून सांगणारा. "माझी आईसुद्धा लावायची."

"और कौन लगाता है घर में?" मॅडमनी मला विचारलं.

"सब. बहन. माँ लगाती थीं."

"माँ हैं?"

"नहीं. दाँत से गईं."

"दाँत से?" मॅडमनी मास्क खाली केला. "कैसे, आंटी?"

मी सांगायला लागले. चार वाक्यांत हिंदी संपलं आणि मी मराठीत सांगू लागले, पल्लवी शेजारी उभी राहून त्यांना सांगत होती. दाढ हलायला लागली. काढली तर जखम भरली नाही. तोंड उघडेना. पेज बोटानं भरवायला लागायची. मग गालाला भोक पडलं, पेज त्यातून बाहेर यायची, म्हणून पदर. पल्लवी मध्येच थांबली. मराठी शब्द अडला म्हणून नाही. मी तिला इतक्या वर्षांत फक्त "दाढेनं" एवढंच सांगितलं होतं.

मॅडमनी स्टूल पुढे ओढलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आंटी, वो दाँत नहीं था. दाँत तो बेचारा हिला, बस."

त्या दिवशी कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. मला फक्त आईचा राग आला. मेलेल्या आईचा इतका राग येतो हे मला ठाऊक नव्हतं. मग तिला तालुक्याहून पुढे मोठ्या दवाखान्यात नेणाऱ्या आणि परत आल्यावर दाढेचंच नाव सांगणाऱ्या दादांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, आणि चुलत्यांचा आला. आयुष्यभर मी ज्याला घाबरले त्या दाढेनं काही केलं नव्हतं, आणि जे मी उशाशी घेऊन झोपत होते त्यानं आई नेली. आता ते माझ्याही तोंडात होतं.

वाट बघणं

चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तो रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत असे होते. माणसाला वाटेल, आता तरी ही बाई मशेरी सोडेल. मी जास्त लावली. भीती दाबायला तेच एक औषध मला ठाऊक होतं. पल्लवीनं बाथरूमच्या दारात पकडलं. "आई, तू ॲडिक्ट आहेस," ती म्हणाली. गुत्त्यावरच्या माणसाला म्हणावं तसा तो शब्द. मी तिच्या अंगावर धावून गेले. यांनी बरणी उचलून कचऱ्यात टाकली. दुपारी दोघं नसताना मी ती कचऱ्यातून काढली, पुसली आणि डाळीच्या डब्यात पुरली. लिहायला लाज वाटते, पण असंच झालं.

पल्लवी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मग रात्रीच्या पोळ्या करताना मागून येऊन मिठी मारली. आपलेच दात आपलेच ओठ, कुणाला दोष देणार? डाळीचा डबा मी स्वतः तिच्या हातात दिला.

रिपोर्ट आला. मॅडमनी आधी हसून बघितलं आणि मगच कागद उघडला. डॉक्टरांनी एवढं केलं तरी पुरे असतं. कॅन्सर नव्हता. पण पेशींनी वाट सोडायला सुरुवात केली होती, अजून काही वर्षं तशीच गेली असती तर पुढचं सांगता येत नव्हतं. मोठ्या दवाखान्यात तेवढा भाग काढून टाकला. तिथे लांबलचक बाकं, नंबर पुकारणं, तोंडावर रुमाल धरलेली माणसं. पानिपतहून आलेली एक बाई माझ्या शेजारी बसली होती, तिनं स्वतःच्या रुमालातली बडीशेप मला दिली. मला ती खाता येणार नव्हती. मी मुठीत धरून ठेवली.

मशेरी सुटली. सहज नाही सुटली. डोकं ठणकायचं, पोट साफ होईना, यांच्या नुसत्या खोकल्यानंही संताप यायचा. लवंग, बडीशेप, च्युइंगगम, सगळं केलं. अजूनही कुणाच्या घरी काही करपलं की माझं बोट आपोआप डाव्या तळव्यावर जातं. ठरल्या वेळेला जाऊन तोंड दाखवून येते. मॅडम गाल ओढून आरसा फिरवतात, आणि त्या बोलेपर्यंत मी श्वास घेत नाही.

अक्का

माझं दुखणं निस्तरेपर्यंत मी अक्काला काही कळवलं नव्हतं. फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाली, "दिल्लीचे डॉक्टर काय पण सांगत्यात. आपल्या आज्या-पणज्या मशेरी लावूनच म्हाताऱ्या झाल्या." मी समजावून दमले, दातांच्या कण्या केल्या. शेवटी पल्लवीनं व्हिडिओ कॉल लावला.

"मावशी, फक्त तोंड उघडून दाखव ना. प्लीज."

"काय दावायचं त्यात, बाय? म्हातारीचं तोंड." अक्का हसली, आणि हसताना तिनं तोंडावर पदर घेतला. "एक दाढ हलतीया जरा. बाजारला गेले की काढून टाकीन म्हणते."

माझ्या हातातून फोन पडला. पल्लवीनं उचलून तिला सांगितलं, "मावशी, काहीही काढायचं नाही. तू इकडे ये." हे स्वतः जाऊन तिला घेऊन आले. गाडीत सगळ्या वाटेनं ती कुरकुरत होती म्हणे, की गवत कोण कापणार, कोंबड्या कोण झाकणार.

खुर्चीत बसल्यावर मात्र ती लहान झाली. पाय खाली टेकत नव्हते. मॅडम म्हणाल्या, "माँजी, मुँह खोलिए." अक्कानं पदर दातात धरला. मी पुढे झाले. आईचा पदर काढायची माझी कधी छाती झाली नव्हती. अक्काचा मी हळूहळू सोडवून घेतला, तिची मूठ उघडून माझा हात तिच्यात दिला आणि म्हटलं, "दुखलं तर मला दाब. ते थांबतात." तिनं तोंड उघडलं. हलणाऱ्या दाढेच्या शेजारी हिरडीवर जखम होती. मॅडमनी दाढेला हात लावला नाही. सुई देऊन जखमेच्या कडेचा छोटा तुकडा घेतला.

त्याचा रिपोर्ट अजून यायचा आहे.

त्या दुपारी घरी आलो आणि दोघी बाल्कनीत बसलो. अक्का बोटानं गाल चाचपत होती. "काई लागत न्हाई गं. चिमटा काढ बघू."

मी काढला.

"न्हाई. अगदी दगड." तिला मोठी गंमत वाटली. थोडा वेळ खाली पोरांचं क्रिकेट बघत बसली. मग म्हणाली, "आईचं काय हुतं ते मला ठाव हुतं. दादांनी मला एकटीला सांगितलं, तू ल्हान म्हणून तुला न्हाई. पर ते मशेरीनं हुतं, हे कुणी सांगितलं न्हाई."

मी माझी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"शेवटाला तिला पाणी जात नव्हतं, सुमे. पर बोटानं खूण करायची. भाज म्हणायची. मी रोज तवा ठेवायची. तिच्या बोटात जोर न्हाई म्हणून मीच लावायची. माझ्या बोटानं, आतनं, जखमंवर. तेवढाच येळ गप पडायची बघ."

तिनं पुन्हा गाल दाबून बघितला.

"अशी एक सुई कुणी दिली असती तिला, तर म्या तवा ठेवला नसता."

मी तिच्या त्या गालावर हात ठेवला. तो अजून बधिर होता. तिला कळलं नाही.